सगुणाबाई धुरनवीस यांच्या अनुमानाची हकीकत

श्री. श्वासरूपे सर्वांघटी नांदतो त्यास दंडवत करोन हकीकत लिहिली जाते ऐसी जे, शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरी एके राज्यात घरोघरी गाड्या उदंड जाहल्या, आणि उष्मा ऐसा चढला की भर माघात रयत पंखे लावोन निजे. मग महाराजांनी सगुणाबाई धुरनवीस यांस आज्ञा केली, "कोणाची गाडी किती धूर सोडते, अनुमान करा. सर्वांत अधिक ज्याचा, त्याची गाडी सरकारजमा." मग बाई दारोदार फिरल्या, आणि गाडी किती चालली, कोठे गेली, तेल किती प्याली, हे पुसोन लिटरामागे सव्वादोन किलोंहून काही अधिक वायू धरिला. तों सरदार सूर्याजीराव हासोन बोलिले, "बाई, लिटरभर तेल पुरते किलोही भरत नाही, मग धूर सव्वादोन किलो कैसा?" बाई बोलिल्या, "तेल जळताना हवेतला प्राणवायू ओढून घेते, त्याचे वजन चढते."

पुढे अनुमान पुरे जाहले, तों सर्वांत वर नाव निघाले बाईंचे सख्खे बंधू खंडेराव यांचे. मातुश्रींची मूत्रपिंडे गेलेली, रक्तशुद्धीस आठवड्यातून तीनदा घाट उतरोन शहरी न्यावे लागे, ते खंडेरावच नेत. बंधू बोलिले, "ताई, माझे नाव गाळ. गाडी गेली तर आई जाईल गं." बाईंस अन्न गोड लागेना. आणि नाव गाळावे तर बाकीच्यांस कोणत्या तोंडे पुसावे, म्हणोन पुन्हा सारे तपासावयास बसल्या, तों ध्यानी आले की त्याच वाटेने, त्याच सकाळी, त्याच दवाखान्यास आणखी चार घरच्या गाड्या जातात, आणि एकेकीत एकेकच रोगी.

मग दरबारी बंधूंचे नाव प्रथम वाचिले आणि अर्ज केला, "महाराज, गाडी घ्याल तर माणूस मरेल. पाचांस एक गाडी द्याल तर चारांचा धूर वाचेल." महाराज बोलिले, "आम्ही दोषी शोधीत होतो. सरकारची मोठी गाडी द्या."

पहिले दिवशी खंडेरावांनी मातुश्रींस हात देवोन गाडीत बसविले, आणि आत जागा असताही आपण चढले नाहीत. मातुश्री खिडकीतून बोलिल्या, "जा रे घरी, झोप काढ जरा." गाडी वळणाआड गेली तरी बंधू तेथेच उभे, आणि बाई त्यांजपाशी.

येणेप्रमाणे त्या राज्यी धुराचे प्रथम अनुमान जाहले. उष्मा लागलाच उतरला नाही. पाच रोगी मात्र वाटेने बोलत जाऊ लागले. घडले तैसे लिहिले.