टक्कल पडलेली टेकडी

गाईडला त्या टेकडीकडून फारसं काही नको होतं. नोकरी कायम व्हावी आणि ‘जावईबापू’ म्हणताना सासऱ्यांनी हसू दाबू नये, एवढंच. अट सोपी होती: वर्ष संपताना एकही तक्रार शिल्लक राहता कामा नये.

नवी राजधानी आखीव होती. रस्ते पट्टीनं ओढलेले, चौक कंपासनं काढलेले. शेजारची टेकडी तेवढी कुणी आखली नव्हती. ती आपली आधीपासूनच होती. तिच्या माथ्यावरून अख्खी राजधानी दिसते, असं माहितीपत्रकात छापलं होतं.

एक काकू धापा टाकत वर पोचल्या.

“अहो, शहर कुठंय? नुसती झाडंच झाडं!”

“काकू, हा निसर्ग आहे.”

“मग तसं खालीच सांगायचंत ना!”

तक्रार सुशोभीकरण विभागाच्या साहेबांकडे गेली. त्यांनी तातडीनं ‘दृश्य-अडथळा निर्मूलन’ मंजूर केलं. झाडं गेली. शहर लख्ख दिसू लागलं.

आता खालच्या हॉटेलातले पाहुणे भडकले. “वनश्री दिसते म्हणून जादा भाडं घेता, आणि समोर हे टक्कल?”

“साहेब, झाडं परत लावू या?” गाईडनं विचारलं.

“वेडा आहेस का? काकूंची तक्रार निकाली निघालीय. ती पुन्हा जिवंत करायची?”

गाईडनं घाईनं सुचवलं, “मग... झाडांचं चित्र लावलं तर?”

माथ्यावर भलामोठा फलक उभा राहिला. खालून पाहावं तर घनदाट अरण्य. वरून पाहावं तर फलकाची गंजकी पाठ. शहर पुन्हा गायब!

“पाठीवर शहर रंगवू,” गाईड म्हणाला. एव्हाना त्याचाही हात बसला होता. साहेबांनी त्याची पाठ थोपटली.

तेवढ्यात एक आजोबा गुडघे चोळत म्हणाले, “चित्रच बघायचं, तर मला इथवर चढवलंत कशाला?”

मुद्दा बिनतोड होता. फलक खाली बसस्टँडवर आणला. लोक उतरतात, एका बाजूला निसर्गासोबत फोटो काढतात, वळसा घालून राजधानीसोबत काढतात आणि त्याच बसनं परततात. तक्रार? नाव नको.

वर्ष पुरं झालं. साहेबांनी गाईडला बोलावून हार घातला. “एकही तक्रार शिल्लक नाही. शाब्बास! आता गाईड लागतोच कुणाला?”

त्या दिवशी सासऱ्यांनी हसू दाबलं नाही.

एकूण काय, झाडं टेकडीची गेली, नोकरी गाईडची गेली आणि बढती साहेबांना मिळाली. तुमचं काहीच गेलं नाही. दिवाणखान्यात टांगलेला तुमचा तो अरण्यातला फोटो तर झकासच आलाय. फ्रेम करताना कोपऱ्यातली रंगाऱ्याची सही तेवढी तुम्ही कापून घेतलीत.