गिरिधर धकात्यांची हजेरी

गिरिधर धकात्यांच्या दहाव्याला कावळा शिवेना.

पिंड मांडून पाऊण तास होत आला. कावळे नव्हते असं नाही. घाटाच्या भिंतीवर चांगले सहा बसले होते, पंख साफ करत होते, पण खाली एकही उतरेना. मुलानं, अंकितनं, हात जोडून सांगितलं, "बाबा, आईले मी सांभाळतो." कावळे ढिम्म. "घर विकत नाही." ढिम्म. "अन् दारू... म्हणजे जी कधीमधी होते, ते बी सोडतो." यावर आईनं, तुळसाबाईंनी, मान वळवून लेकाकडे पाहिलं, तेवढीच काय ती हालचाल झाली. गुरुजींना अजून दोन दहावे उरकायचे होते. घड्याळ बघत ते म्हणाले, "मनात काहीतरी अडकलेलं दिसतं. जवळच्या माणसानं विचारून बघावं."

सगळ्यांच्या माना बाबनराव बारापात्र्यांकडे वळल्या. गिरिधर आणि बाबनराव म्हणजे चाळीस वर्षांची जोडी. दोघांच्याही घरी पूर्वी हातमाग, दोघंही पुढे कळमेश्वरच्या एकाच कारखान्यात फिटर, आणि रिटायर झाल्यावर दोघांनाही फुटबॉलचं तेच एक खूळ.

"भाऊजी, तुम्हीच सांगा आता," तुळसाबाई रडवेल्या आवाजात म्हणाल्या. "काय राहून गेलं त्याहिचं?"

आता बाबनरावांना काय ठाऊक? डोक्यावर ऊन, गुडघ्यात कळा, पोटात सकाळपासून कपभर चहा. तोंडाला आलं ते बोलून गेले, "गिरिधर, तुहा सीझन पास वाया नाही जाऊ देत गा. सात मॅच उरल्या ना? साती मॅचले तुही खुर्ची भरलेली राहीन. माहा शब्द हाय."

शब्द बाहेर पडायचा अवकाश, भिंतीवरचा एक कावळा टपकन उतरला आणि भाताचा गोळा घेऊन उडाला. गुरुजींनी पिशवी आवरली. बाबनरावांना मात्र आपण काय बोलून बसलो ते आता कळलं. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द. परत घ्यायचा म्हटला तरी कोणाकडून घेणार?

आता हा पास काय भानगड होती ते सांगायलाच हवं. नागनदी एफसी नावाचा एक क्लब शहरात निघाला होता. तीन वर्षं झाली, हरण्यात त्यानं खंड पडू दिला नव्हता. गेटवर तिकीट पन्नास रुपये, मॅच दहा. आणि दहाही मॅचचा सीझन पास? सातशे! म्हणजे जो एकनिष्ठ, त्याच्याकडून दोनशे जास्त. बदल्यात एक नारंगी टोपी मिळायची, तिचा रंग पहिल्याच धुण्यात बनियनला लागायचा. हाफटाइमनंतर तर गेट सताड उघडं, कोणीही फुकटात येऊन बसावं.

बाबनरावांचा मुलगा चंदन बँकेत होता. तो कपाळावर हात मारायचा. "काका, गेटवर दहा डाव तिकीट काढलं तरी सस्तं पडते. हा पास शहाणा माणूस घेते का?"

गिरिधर शांतपणे म्हणायचे, "गेटवर तिकीट काढते तो पाहुणा. पासवाला घरचा. घरी जातानी कोणी हिशोब करते का गा?"

अशा रीतीनं दोघा घरच्या माणसांनी सी-चौदा आणि सी-पंधरा या शेजारशेजारच्या खुर्च्या घेतल्या होत्या. तीन मॅच झाल्या, तिन्ही हरल्या, आणि चौथीच्या आत गिरिधरना झोपेतच झटका आला.

दहाव्यानंतरच्या रविवारी बाबनराव अंकितला आणि गिरिधरच्या पासला घेऊन गेटवर हजर झाले. तिथं हर्षित नावाचा क्लबचा माणूस मशीनशी उभा होता. त्यानं पासवरचा फोटो पाहिला, सव्वीस वर्षांच्या अंकितचं तोंड पाहिलं.

"फोटोवाले काका कुठं आहेत?"

"ते नाही येऊ शकत," अंकित म्हणाला.

"मग पासबी नाही येऊ शकत. ज्याचा पास त्यानंच यायचं. मागं लिवलं हाय."

मागं खरंच लिहिलं होतं. त्याखाली आणखी एक ओळ होती : पासधारकाचं निधन झाल्यास पास रद्द व खुर्ची क्लबकडे जमा. बाबनरावांनी ती वाचली आणि अंकितला दंडाला धरून पानठेल्यामागं ओढलं. "काही बोलू नोको. बोलला का खुर्ची गेली."

"मग आता कसं काका?"

बाबनरावांनी पास डोळ्यांजवळ धरला. क्लबच्या खिडकीतल्या दळभद्री कॅमेऱ्यानं काढलेला फोटो. पांढरी मिशी, जाड चष्मा, वर टोपी. शहरातला साठीपुढचा कोणताही मराठी माणूस त्यात बसला असता. बाबनराव तर अगदीच बसत होते. त्यांनी टोपी भुवयांपर्यंत ओढली आणि गेट गाठलं. हर्षितनं फोटो पाहिला, तोंड पाहिलं.

"आज उशीर केला काका," म्हणाला आणि फिरतं गेट एकदा फिरलं.

एकदाच, बरं का. एक पास, एक माणूस. बाबनराव गिरिधर होऊन आत गेले, त्यामुळं बाबनराव म्हणून आत जायला कोणी उरलंच नाही. ते इमानेइतबारे गिरिधरच्या सी-चौदावर बसले. शेजारची त्यांची स्वतःची खुर्ची रिकामी राहिली. लागोपाठ तीन मॅच चुकल्या की खुर्ची जाते, हाही नियम होताच. जाऊ दे म्हणाले. जित्या माणसाची खुर्ची गेली तर तो भांडून परत आणेल, मेलेल्यानं कोणाशी भांडावं?

असे सहा रविवार गेले. एकदा अंगात ताप होता, तरी गेले. एकदा शून्य-सात झालं, तरी शेवटपर्यंत बसले. सगळ्यात वाईट हे, की बोलायला कोणी नाही. गोल खाल्ला की कोपर कोणाला मारावं? घरी येऊन बायकोला सांगावं तर जनाबाई म्हणायच्या, "मले काहून सांगून राहिले? मी गोलकीपर व्हय का?"

एकच मॅच उरली होती, आणि त्या आठवड्यात सकाळी फोन वाजला.

"नमस्कार, नागनदी एफसीमधून नूपुर बोलते. हा बाबनराव बारापात्रेंचा नंबर ना? ते सहा मॅचला आले नाहीत."

"हाव... नाही आले," बाबनराव चाचरत म्हणाले.

"सॉरी हं, पण आमच्या कानावर आलंय, की त्या दोघा मित्रांपैकी एक काका वारले. धकाते काकांची तर दर मॅचला हजेरी लागते, मशीनमध्येच आहे. म्हणजे मग..." ती घुटमळली. "कोण गेलं, तेवढं सांगाल का? नोंद करायची आहे."

गिरिधर म्हणावं तर पास आत्ताच्या आत्ता रद्द, शेवटच्या मॅचला खुर्ची रिकामी, आणि घाटावरचा शब्द मातीत. सहा रविवारांची तपश्चर्या एका फोनवर जाणार. कोणीच नाही गेलं म्हणावं तर बारापात्रे आजवर होते कुठं, ही चौकशी सुरू.

"बाबनराव गेले," बाबनराव म्हणाले.

"अरेरे! आपण कोण?"

"मी... त्याहिचा भाऊ."

स्वयंपाकघरातून जनाबाई हातात सांडशी घेऊनच बाहेर आल्या. "अवो, सकायी सकायी कोणाले मारून राहिले?"

"मले."

"काहून?"

"एकच मॅच राहिली वं."

जनाबाई अशा काही भडकल्या की विचारू नका. जित्या माणसाच्या तोंडात असं अभद्र शोभते का, म्हणून त्यांनी मीठ-मिरच्या आणल्या, नवऱ्याला समोर बसवून तीनदा उतरवल्या आणि गॅसवर टाकल्या. घरभर ठसका उठला. खोकता खोकता बाबनराव एवढंच म्हणत होते, "एक रविवार जाऊ दे, मग मी हावोच."

रविवारी ते टोपी ओढून आत शिरले आणि जागच्या जागी थिजले. सी-पंधरावर त्यांचा फोटो मांडला होता. पासवरचाच, मोठा करून, वर झेंडूचा हार. खुर्चीसमोर उदबत्तीसुद्धा लावली होती. देवा रे! बाबनराव चोरासारखे सी-चौदावर टेकले.

भोंग्यावर घोषणा झाली, "आपले निष्ठावान प्रेक्षक कैलासवासी बाबनराव बारापात्रे यांना आदरांजली. सर्वांनी एक मिनिट उभं राहावं."

मैदानात असतील चाळीसेक माणसं. सगळी उभी राहिली. नऊ मॅच हरलेली ती पोरंही मधल्या वर्तुळावर माना खाली घालून उभी राहिली. बाबनरावही उठले. दुसरं करणार काय? आधी मनात आलं, आपलंही असंच होणार. मग एकाएकी वाटलं, हे मिनिट आपलं नाहीच. हे गिरिधरचं आहे, नाव तेवढं चुकलं. त्याच्यासाठी इथं कोणी उभं राहिलं नव्हतं, कारण इथल्या मशीनसाठी तो दर मॅचला येत होता. आणि बाबनरावांना रडू फुटलं. साधंसुधं नाही, अगदी खांदे हलवून.

मिनिट संपलं. नूपुर पायऱ्या चढून आली आणि तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "धीर धरा धकाते काका. इतक्या वर्षांची दोस्ती होती ना तुमची?"

"हाव ना पोरी," बाबनराव हुंदका देत म्हणाले. "दोन महिने झाले. बाजूले बोलाले कोणी नाही."

"तीनच मॅच पाहिल्या हो त्यांनी, आणि पैसे दहाचे भरले. उरलेले त्यांच्या घरी पाठवू का?"

"नोको," ते नाक पुसत म्हणाले. "वसूल झाले."

शिटी वाजली. सहाव्याच मिनिटाला समोरून एक मिळमिळीत चेंडू घरंगळत आला आणि आपल्या गोलकीपरच्या दोन पायांमधून सावकाश आत गेला. बाबनरावांचं कोपर सवयीनं शेजारी गेलं, फोटोच्या काचेवर आपटलं.

"पाह्यलं का गा," म्हणत ते वळले. हारातून त्यांचं स्वतःचं तोंड त्यांच्याकडे बघत होतं. मग त्याच्याकडेच बघत त्यांनी गोलकीपरला शिव्या घालायला सुरुवात केली.