चौथा पॉवर सप्लाय

“तिसराही गेला,” काका फोनवर म्हणाले. “तुमच्यावर राग नाही, डॉक्टर. पण तुम्ही आलात की चालतो, तुम्ही गेलात की जळतो. इथेच राहायला येणार असाल तर सांगा, मागची खोली रिकामी आहे. नाहीतर मी दुसरा माणूस बघतो.”

डॉक्टर म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्त करणारे. मीटर गळ्यात अडकवून हिंडत, म्हणून सगळी वसाहत त्यांना डॉक्टर म्हणे. हे नाव त्यांनी पंधरा वर्षं तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं आणि ते आता काकांच्या घरी, एका महिन्यात, धुळीला मिळायची वेळ आली होती.

काकांच्या कॉम्प्युटरचा मूळचा पॉवर सप्लाय म्हातारा होऊन गेला, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. डॉक्टरांनी नवा बसवला, तो आठ दिवसांत जळाला. तेव्हा त्यांनी मालाला दोष दिला. दुसरा जळाला तेव्हा अर्थिंगवर संशय घेतला. वायरमनने अंगण खणलं, भिंत फोडली, त्यात काकूंचा आरसा गेला आणि अर्थिंग उत्तम असल्याचं सिद्ध झालं. आता तिसऱ्यानंतर संशय घ्यायला घरात माणसांशिवाय काही उरलं नव्हतं.

डॉक्टरांनी चौथा बसवला. दोन तास समोर बसून राहिले. मीटरवरचा आकडा तसूभर हलला नाही. निघताना काहीतरी सांगायला हवं, म्हणून त्यांनी दरवेळचंच पण दरवेळेपेक्षा गंभीरपणे सांगितलं, “काकू, धुळीपासून जपा. यंत्राला धूळ म्हणजे विष.”

अर्ध्या वाटेवर त्यांना गळा हलका वाटला. मीटर काकांकडेच राहिला होता. ते परतले, तर दार उघडं होतं आणि काकू जमिनीवर बसून कॉम्प्युटरच्या डब्याला झबलं घालत होत्या. जाड लोकरीचं, दुहेरी विणीचं, मागे पाच बटणं. आत पंखा दमेकऱ्यासारखा घरघरत होता.

“काकू, हे काय?”

“अगंबाई, तुम्ही! थांबा, काढते. एरवी तुम्ही यायच्या आधीच काढून ठेवते. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही, एक टाका सुटलाय.”

“हे कधीपासून?”

“तुम्ही पहिल्यांदा धूळ म्हणालात, तेव्हा सुती शिवलं. दुसऱ्यांदा म्हणालात, तेव्हा अस्तर लावलं. तिसऱ्यांदा इतक्या कळकळीने म्हणालात, म्हटलं आता लोकरच.”

गप्प बसून झबलं तेवढं काढायला लावावं, असं डॉक्टरांना क्षणभर वाटलं. पण काका दारात येऊन उभे होते.

“काका, चूक माझी,” ते म्हणाले. “याने हवा कोंडते. धुळीपासून जपा म्हणून मीच सांगत होतो.”

“म्हणजे कामात खोट नव्हती, सल्ल्यात होती,” काका शांतपणे म्हणाले.

काकूंचा चेहरा मात्र उतरला. “अहो, मग बाकीच्यांचं काय? अकरा घरी विणून दिलीत मी. डॉक्टरांनी सांगितलंय, असं सांगून दिलीत.”

गेले पंधरा दिवस वसाहतीतून इतकी बोलावणी का येत होती, ते डॉक्टरांना आत्ता कळलं. ती बोलावणी ते आपल्या नावाचं यश समजत होते. आता अकरा दारं वाजवायची होती, आणि दुसरं कुणी ते करणार नव्हतं.

पहिलं दार शेजारच्या मास्तरीणबाईंचं. डॉक्टरांनी तोंड उघडण्याआधीच त्या म्हणाल्या, “घातलंय हो, घातलंय! तुम्ही तपासायला येता तेवढं सोडून एक मिनिट काढत नाही. आमचे भावजी इंजिनीअर आहेत ना, कालच आलेत. म्हणाले, वहिनी, काढा ते, त्यानेच जळतंय. मी स्पष्ट सांगितलं, भावजी, तुम्हाला जास्त कळतं की आमच्या डॉक्टरांना?”

पंधरा वर्षांत डॉक्टरांवर इतका विश्वास कुणी टाकला नव्हता. त्यांना भरूनही आलं आणि पळून जावंसंही वाटलं.

“भावजी आहेत का घरात?” त्यांनी विचारलं.

“आहेत की! या आत,” बाईंनी दार सताड उघडलं. “चांगलं सुनावा त्यांना.”