कवठेकरांची सिंहमोहीम आणि कॅलेंडराचा मान

श्री येमाई प्रसन्न. शके १९२६, तारणनाम संवत्सरी, कार्तिक वद्यपक्षी, राजमान्य राजश्री सोपानराव कवठेकर, दुकानदार खतेबियाणे, यांणी समुद्रापार आफ्रिका मुलखी जाऊन सिंहावर कॅमेरा रोखिला, ते मोहिमेची हकीकत जैसी जाहली तैसी लिहितों. मीठमिरची आमचे पदरची चिमूटभरच असे.

सोपानरावांचे घराणे मूळचे मेंढरांमागचे. वडील ज्योतिबा आबा यांणी मेंढरे विकोन विहीर पाडिली आणि पुत्राने कवठे येमाईस दुकान थाटिले. परंतु तळेगाव ढमढेऱ्याचे मातबर दुकानदार हौसराव दर बाजारी चारचौघांत म्हणावयाचे, "मेंढरामागचा गडी त्यो. त्याला बियान्यातलं काय कळतंय?" हा बोल सोपानरावांचे काळजात बाभळीच्या काट्यासारखा रुतोन होता.

तशात बियाण्यांच्या एका कंपनीने फर्मान काढिले की, जे दुकानदार कांद्याचे बी उदंड खपवितील त्यांस आफ्रिकेची सफर, आणि सफरीत जो सिंहाचे अव्वल छायाचित्र काढील त्याचे चित्र, दुकानाचे नावानिशी, नव्या सालचे कॅलेंडरावर, आणि ते कॅलेंडर तालुक्यात घरोघर. हे ऐकोन सोपानराव पेटले, आणि भर पारावर बोलोन गेले की यंदा हौसरावाचे भिंतीवरही कवठ्याचेच नाव टांगीन.

मग बी खपले, आणि उभयतां दुकानदार एकाच विमानी आरूढ होऊन गेले. हौसरावांपाशी पुण्याहून भाड्याने आणिलेली हातभर भिंगाची तोफ. सोपानरावांपाशी मेव्हण्याचा रोलवाला कॅमेरा आणि कारभारीण सिंधूबाई यांणी दिधलेली शेंगदाण्याची चटणी. ते अरण्य एका धनिकाचे खासगी, चोहोंकडे तारेचे कुंपण, आत गवत अफाट. सोपानरावांनी दाखल होताच पहिला सवाल घातिला की सातबारा कोणाचे नावे आणि पाणी बोअरचे की कालव्याचे. वाटाड्या पीटर, मोठा जाणता पुरुष, त्याणे सवालास उत्तर न देता हुकूम सांगितला की जीपमध्ये उभे राहो नये आणि तोंडातून शब्द काढो नये. संगे आलेले कंपनीचे साहेबांनी तो मराठीत करोन सर्वांस ऐकविला.

तीन दिवस उघडे जीपमध्ये हाडे खिळखिळी जाहली. हत्ती आले, जिराफ आले आणि माना हलवोन गेले, परंतु सिंह गैरहजर. सोपानराव घायकुतीस आले. चौथे दिवशी, अखेरचे स्वारीस, सूर्योदयी पीटरने हात वर केला आणि जीप थांबली.

समोर दाढीवाल्या जनावरांचा कळप चरत होता. अर्धी म्हैस, अर्धे घोडे, ऐसी ती जात. कळपाचे कडेस एक वासरू, रात्रीच जन्मलेले, पाय लटपटत उभे. आणि गवतात, पोट भुईस लावोन, खासा सिंह. हौसरावांनी तोफ रोखिली. सोपानरावांनीही कॅमेरा डोळ्यास लाविला, आणि त्या चौकटीत कॅलेंडर, तालुका आणि पार ऐसे सर्व दिसो लागले. मग सिंह दोन पावले सरकला, वासरू आईपासोन चार पावले चुकले, आणि सोपानरावांचे बोट बटणावर असता त्यांचे तोंडातून सात पिढ्यांची हाक सुटली.

"हाऽऽड! हाऽऽड तिच्यायला! सोड वासरू!"

ऐसे ओरडोन ते उभे राहिले आणि चटणीचा डबा भिरकाविला. कळप उधळला, धूळ आभाळास गेली, वासरू आईचे पोटाखाली लपले आणि वनराज शेपूट आवरोन पाठमोरे पळाले. पीटरने सोपानरावांस दंडास धरोन खाली बसविले, खडसाविले, आणि मग टोपी डोळ्यांवर ओढोन हसला.

हौसराव कडाडले, "आरं येड्या, फोटू काढाय आलायस का मेंढरं राखाय?"

सोपानरावांचे रोलात निव्वळ धूळ आली. हौसरावांस सिंह गवसला तो मागील बाजूने, आणि दुसरा कोणी सिंह नसल्याकारणे कंपनीने तोच छापिला. दत्तजयंतीपूर्वी तालुक्यात घरोघर सिंहाचा पार्श्वभाग टांगिला गेला. मेंढक्याचा शिक्का पुसावयास गेलो आणि अधिक ठळक करोन आलो, ऐसे वाटोन सोपानरावांस मेल्याहून मेल्यासारखे जाहले, आणि ते आठ दिवस पाराकडे फिरकले नाहीत.

नववे दिवशी आबा काठी टेकीत दुकानी आले. हौसरावांनी वासराची हकीकत बाजारभर केली होती, तरी ज्याने त्याने सिंहाचेच पुसिले होते.

आबांनी पुसिले, "वासरू वाचलं का रं?"

"वाचलं, आबा. आईपाशी ग्येलं."

"मग? लाजाय काय झालं तुला? कुनाचं का आसंना, राखलंस न्हवं?" ऐसे म्हणोन आबांनी पुत्राचे पाठीवर हात ठेविला. चाळीस वर्षांचा बाप्या, दोन लेकरांचा धनी, खतांचे गोण्यांआड हुंदके देऊन रडला.

त्याच सायंकाळी सोपानराव पारावर गेले, आणि कोणी सिंहाचे पुसता म्हणाले की त्याला म्याच हाकलला. ऐसी मोहीम कवठेकरांनी फत्ते केली. हे लिहिणे पुरे केले ती तारीख त्याच कॅलेंडरात पाहिली असे.