नेगोरो पळत नाही!

"तुझ्या बाबांसमोर दोन तास गुडघे मुडपून बसतो की नाही बघ! जागचा हलणार नाही!" मासातो नेगोरोनं कानाएला छातीठोकपणे सांगितलं.

बिचाऱ्याला हे सांगावं लागत होतं, कारण त्याच्याच आडनावाच्या एका नटानं महिन्यापूर्वी दिवे लावले होते. लफडं उघडकीला आल्यावर माफी मागायला पठ्ठ्यानं पत्रकार जमवले, "आलोच" म्हणाला आणि संडासाच्या खिडकीतून पसार झाला! तेव्हापासून अख्खा जपान 'नेगोरायला' लागला. पोरं शिकवणीतून नेगोरत, साहेब मीटिंगमधून नेगोरत, परवा तर हवामानखात्याचं वादळही ऐन वेळी नेगोरलं! मासातो पालिकेत बारा वर्षं एकही रजा न घेतलेला कारकून. पण ऐकतो कोण?

कानाएचे वडील, मिसोचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचे, व्यापारी उसामी, यांनी तर बजावलंच होतं, "नेगोरणाऱ्याला मुलगी देणार नाही!"

दीड तास मासातो उसामींच्या घरी त्यांच्यासमोर बसला. उसामी चहा पाजत राहिले. सहाव्या कपानंतर मात्र इलाज उरला नाही.

"आलोच," तो म्हणाला. उसामींच्या भुवया कपाळात गेल्या.

आणि संडासाची कडी अडकली! ओढली, ढकलली, तिला हात जोडले, ढिम्म! आता होणाऱ्या सासऱ्याला संडासातून हाका मारायच्या? छे! त्यापेक्षा खिडकीतून उतरावं, पुढच्या दारानं गुपचूप आत यावं, कुणाला पत्ताही लागणार नाही. मासातो कमरेशी अडकला, सुटला आणि मुळ्यांच्या वाफ्यात तोंडावर आपटला.

धप्प आवाज ऐकून आलेले उसामी पुढच्या दारात उभेच होते, हातात मासातोचे बूट घेऊन.

"कानाए, हा बूट टाकून नेगोरला! तो नट निदान बूट घालून पळाला होता!"

"नाही हो काका, मी परत आलोय! कडी अडकलीय!" मासातोच्या पायांत संडासातल्या सपाता होत्या, कानात माती होती. रडू फुटायचंच काय ते बाकी होतं.

"चाळीस वर्षं वापरतोय मी ती कडी! थापा कुणाला मारतोस?"

उसामींनी बाहेरून एक हिसका दिला आणि दार मुकाट उघडलं. मासातोचा चेहरा पडला. कानाएनं डोळे मिटून घेतले.

"थांब, आतून लावून दाखवतो!" उसामी आत शिरले. खट्ट. पुन्हा खट्ट. धडधड.

शेवटी आतून मऊ आवाज आला, "जावईबापू, खिडकीतून आधी डोकं काढायचं की पाय?"