बिनउंबरठ्याची शाळा

किसनमामा कुणाच्याही घरी गेले की आधी उंबरठ्याकडे पाहतात, मग घरमालकाकडे. सासूनं नव्या सुनेची भाकर पाहावी तसं. चपलेच्या टोकानं उंबरठ्याला टोचतात आणि म्हणतात, "हे कायले पायजे व्हतं?" आमच्या गावात वास्तुशांतीचं आवतण मामांना देताना भलेभले कचरतात.

गाव मेडशीपासून थोडं आत. शाळा गावानंच बांधली. कुणी विटा दिल्या, कुणी ट्रॅक्टरनं रेती आणली, ऊसतोडीहून परतलेल्यांनी घमेली उचलली. आधी टिनाचा शेड, मग स्लॅबच्या खोल्या. जमेल तशी एकेक वाढत गेली. चालणारी, न चालणारी, डोळ्यांनी अधू, कानांनी अधू, सगळी पोरं एकाच वर्गात बसतात. बांधकाम समितीत मामा पहिल्यापासून. चर्चा मुतारीची असो की झेंड्याच्या खांबाची, मामांचा ठराव एकच: "उंबरठा नाई."

यंदा दहावीची खोली झाली. मामा बिजागऱ्या आणायला वाशीमला गेले आणि इकडे केनवडच्या नव्या मिस्त्रीनं उंबरठ्यासकट चौकट बसवून टाकली. बायका खूश. इतक्या खोल्या झाल्या, पण एकीचाही उंबरठा पूजायला मिळाला नव्हता. वत्सलाकाकू हळदकुंकवाचं ताट घेऊन हजर. मी नारळ धरून उभा.

तेवढ्यात मामा आले. बिजागऱ्यांची पिशवी खाली ठेवली.

"मिस्तरी, काढ ते."

काकू आडव्या आल्या. "किसनभाऊ, उंबरठ्याबिगर लक्ष्मी येईन का?"

"काहून नाई येनार?"

"रीत हाय ते."

"लक्ष्मी चालतच येते, हे कोनं पाह्यलं, वैनी? रांगत आली तं?"

मिस्त्री खो खो हसला. आम्ही कुणी हसलो नाही. काकूंनी बोटावरचं कुंकू चौकटीच्या बाजूला लावलं आणि मिस्त्रीला म्हणाल्या, "काढ बाबा."

एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवून ठेवली. मामांच्या स्वतःच्या घराला उंबरठा आहे. चांगला जाड, सागवानी.

मामांच्या लेकीला, सुमीला, चालता येत नव्हतं. घरभर रांगायची, उंबरठ्याशी थांबायची. त्यावर बसून ती रस्त्यानं येणाऱ्या पोरींना अडवायची. त्यांची शाळा दुसऱ्या गावात. "आज काय शिकवलं व?" हा तिचा रोजचा प्रश्न. पोरी सांगायच्या, आणि सुमी ते रात्री मामांना शिकवायची. मामांना वाचता येतं ते तेवढंच. आमच्या शाळेचा शेड उभा राहण्याआधीच ती तापानं गेली.

संध्याकाळी मी नारळाचा प्रसाद घेऊन मामांकडे गेलो. उंबरठा मधोमध गुळगुळीत झालेला आहे. माझा पाय तिकडे वळलेला पाहून मामा आतून म्हणाले, "ओलांडून ये. तिथं नको देऊ पाय."

शाळा सुटल्याची घंटा झाली. मामा उठले, दार सताड उघडलं आणि मधली जागा सोडून उंबरठ्याच्या कडेला अंग चोरून बसले. कुबड्या टेकत वत्सलाकाकूंची नात येत होती.

"आज काय शिकवलं व?" मामांनी विचारलं.

ती सांगू लागली. मामा मात्र तिच्याकडे पाहत नव्हते. ते त्या रिकाम्या जागेकडे पाहत होते, तिथं नीट ऐकू जातंय ना, या काळजीनं.