लंकाबाईची गाय आजारी पडते

लंकाबाईची मांजर सोनी दोन दिवस कॉटखालून बाहेर आली नाही, तेव्हा लंकाबाईचा संशय थेट शेजारच्या साळुबाईवर गेला.

एरवी सोनी पिंपरी पेंढार गावभर उंडारायची आणि जेवायला तेवढी घरी यायची. आता ती दुधाला तोंड लावत नव्हती, सुकट पुढे ठेवली तरी हुंगत नव्हती. अंग चाटणं सोडल्यामुळे केस पिंजारले होते आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पांढरं कातडं वर आलं होतं. लंकाबाईने गायीचे चाचपावेत तसे तिचे कान चाचपले. चटका बसावा इतके तापले होते. शेपटीच्या बुडाला हात लागताच सोनी फिस्कारली.

"काठी घातलीया हिला," लंकाबाई नवऱ्याला म्हणाली, "आन् कुनी घातली त्ये मला ठावं हाय."

"आगं, पडली आसंल कुठनं तरी," दादाभाऊ म्हणाला.

"मग साळी दिवसाढवळ्या दार लावून का बसतीया? काल नळावर मलाच इचारती, 'लंकाक्का, तुजी मांजर दिसंना गं?' तिला काय करायच्यात चौकशा?"

दादाभाऊने चहा संपवला आणि दुधाची किटली घेऊन तो डेअरीकडे निघाला. लंकाबाई मात्र सोनीजवळच बसून राहिली. चमच्याने दूध पाजून वाढवलेलं पोर होतं ते. पण मांजरासाठी जनावरांचा डॉक्टर कसला येतोय, असं वाटून तिने फोनवर सरळ ठोकून दिलं, "डॉक्टर, गाय बसलीया! वैरन खात न्हाई, अंग लई तापलंय. बिगीनं या!"

पलीकडचा माणूस जितका लांब, तितका आवाज चढवायचा, अशी तिची रीत. डॉक्टर तिकडे लांब आळेफाट्याला होते.

अर्ध्या तासात दादाभाऊ भरल्या किटलीनिशी परत आला. "दूध घेतलं न्हाई. आपली गाय आजारी हाय म्हनं. डॉक्टरनं सांगितल्याबिगर घेनार न्हाईत. मलाच ठावं न्हाई, त्यांना कुनी सांगितलं?"

"साळीनं!" लंकाबाई म्हणाली.

तोवर गावही गोळा झालं. कुणी आपली वासरं लांब नेऊन बांधली. आळीतल्या गोरखने पिशवीतून ओवा घातलेला गुळाचा गोळा काढून गायीपुढे धरला. गायीने तो मटकावला, त्याचा हात चाटला आणि पिशवीत तोंड घातलं.

"शेवटची भूक आसती आशी," गोरख उसासा टाकून म्हणाला.

सगळी आळी आली, साळुबाई तेवढी फिरकली नाही. लंकाबाईने बंद दाराकडे बोट करून नवऱ्याला डोळ्यांनीच म्हटलं, आता बोला.

दहाच्या सुमाराला डॉक्टर आले. त्यांनी गायीचा ताप बघितला, पोटाला कान लावला. "ठणठणीत आहे की गाय!"

सगळे लंकाबाईकडे बघू लागले. तिने डॉक्टरांना घरात नेलं आणि कॉट बाजूला ओढली. "आजारी ही हाय, डॉक्टर. काठी घातलीया हिला. रागवा, पन आधी बघा."

डॉक्टरांनी शेपटीजवळचे केस बाजूला केले. खाली टरटरीत सूज आणि तिच्यावर दोन बारीक भोकं होती. "काठी-बिठी नाही, बाई. हे दात आहेत. बोक्याशी मारामारी झालीये. वरून एवढंसं दिसतं आणि आत पू साठतो. आणखी दोन दिवस काढले असते तर अवघड होतं."

त्यांनी पू काढला, जखम धुतली, इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने सोनीने दुधात जीभ बुडवली, आणि लंकाबाईने डोळ्यांना पदर लावला.

"अहो, मांजर म्हणाला असतात तरी आलो असतो," हात पुसत डॉक्टर म्हणाले. "बरं, साळुबाई कुठे राहतात? वाटेत त्यांचाही फोन आला. म्हैस बसलीये म्हणाल्या."

"म्हैस?" दादाभाऊ चमकला. "ती तर दिवाळीलाच इकली तिनं."

लंकाबाई डॉक्टरांच्या मागे निघाली. साळुबाईचं दार जेमतेम वीतभर उघडलं. तिच्या कडेवर टॉवेलात गुंडाळलेला बोका होता. कान फाटलेला, गाल सुजून एक डोळा मिटलेला.

"ह्या बाईला आधी भाईर काडा, डॉक्टर!" साळुबाई कडाडली. "माज्या बोक्याला हिनंच काठी घातलीया. उगाच का मी दोन दिस दार लावून बसलीया?"

लंकाबाईने बोक्याच्या फाटक्या कानाकडे बोट केलं.

"आधी म्हैस बघा, डॉक्टर," ती हळूच म्हणाली.